पडवीतला आयसीयू

माले गावात अनसूया सिस्टरांच्या पडवीत पाटील नावाचे एक गृहस्थ सात महिने व्हेंटिलेटरवर होते. वय बावन्न, वजन सत्तर किलो, बेड नंबर तीन. एक आणि दोन नंबरचे बेड कुठे आहेत, हे आम्ही कधी विचारलं नाही. पाटील म्हणजे कापसाचा एक जुना लोड होता. सिस्टरांनी त्याला आपल्या भावाचा सदरा चढवला होता, वरच्या टोकाला उशी बांधून डोकं केलं होतं आणि शेतातल्या ठिबकच्या उरलेल्या नळ्या कापून त्याला श्वासाची नळी, सलाईन, कॅथेटर असं सगळं यथासांग लावलं होतं. व्हेंटिलेटर मात्र स्वतः सिस्टर होत्या. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या तोंडाने अलार्म काढायच्या.

"टीं टीं टीं, टीं टीं. ह्यो कसला?"

"हाय प्रेशर," प्रियांका म्हणायची.

"मंग बसलीस काय? ऊठ की! पाटील खोकतोय, का नळी दुमडलीया, का दातात धरलीया? बघ आदी!"

मग आम्ही दोघी धडपडत पाटलांकडे धावायचो. पासष्टीची बाई, सुती साडी, छातीवर पिनेने उलटं अडकवलेलं घड्याळ, आणि तोंडातून चार वेगवेगळ्या यंत्रांचे आवाज. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. शेजारच्या हौसाबाई तर रोज कुंपणापाशी येऊन मनापासून विचारायच्या, "आज कसं हाय पाटलांचं?" सिस्टर तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "ताप हाय. पन लघवी चांगली झाली."

सिस्टरांकडे आम्ही गेलो ते नोकरीसाठी. प्रियांका आणि मी बी.एस्सी. नर्सिंगला एका वर्गात होतो. ती भूगावची, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. माझे वडील वाशीमहून नोकरीसाठी आलेले, आम्ही तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका फ्लॅटमध्ये राहायचो. शेवटच्या वर्षी आमची पंधरा दिवस आयसीयूत पोस्टिंग लागली होती. तिथे आम्हाला कशालाही हात लावू देत नसत, भिंतीला पाठ लावून बघायचं फक्त. पण त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघी वेड्या झालो. निळसर पडलेला माणूस सकाळी ओठ हलवून पाणी मागतो, हे एकदा पाहिल्यावर दुसरीकडे कुठे काम करावंसं वाटेना.

पास झाल्यावर पुण्यात जिथे जाऊ तिथे एकच उत्तर मिळायचं. नवीन आहात, दोन वर्षं जनरल वॉर्ड करा, मग आयसीयूचं बघू. तेवढ्यात हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात दिसली. नव्या मुलींना थेट क्रिटिकल केअरमध्ये घेणार होते, सहा महिने तिथेच शिकवणार होते. त्याआधी ऑनलाइन मुलाखत, आणि त्यातून निवडलेल्यांची प्रत्यक्ष परीक्षा. आम्ही दोघींनी त्याच संध्याकाळी फॉर्म भरला आणि भरल्यावर लक्षात आलं की आपल्याला काहीच येत नाही.

प्रियांकाची आई मालेची. ती म्हणाली, "आमच्या गावात अनशाआत्या हाय. हैद्राबादला आयसीयूत व्हती एकोणीस वर्सं. तिला इचारा की."

पहिल्या दिवशी सिस्टरांनी आमच्या तोंडाकडे न बघता आधी नखं बघितली. माझ्या करंगळीच्या नखावर फिकट गुलाबी नेलपॉलिश राहिलं होतं. त्या आत जाऊन नेलकटर घेऊन आल्या, माझ्या हातात दिलं आणि मी नखं कापून होईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मग विचारलं, "गाव कुठलं?"

"वाशीम."

तेव्हापासून मी वाशीम झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

त्यांची एक सवय मला फार विचित्र वाटायची. कोणत्याही खोलीत शिरण्याआधी त्या उंबऱ्यात थांबायच्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात जातानासुद्धा. पाच श्वास होईपर्यंत नुसत्या बघायच्या आणि मग पाऊल टाकायच्या. आम्ही धाडदिशी आत शिरलो की परत बाहेर काढायच्या. "काय बघितलं? पाटलाचा हात खाली लोंबतोय, दिसला? चादर वली हाय, दिसली? आत घुसल्यावर मानूस फायली बघतो. पेशंट दारातनंच बघायचा असतोय."

त्यांची मराठी अशी मालेची, पण मध्येच इंग्रजी औषधांची नावं इतक्या सफाईने यायची की आमच्या कॉलेजच्या मॅडमनाही जमली नसती. हिंदी दणकट होती. तेलुगू त्या फक्त म्हशीशी बोलायच्या. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "हितं दुसरं कोन हाय ऐकायला? इसरू ने म्हनून बोलती."

आम्हालाही त्यांनी पाच तेलुगू शब्द शिकवले. दुखणं म्हणजे नोप्पी, श्वास म्हणजे ऊपिरि, पाणी म्हणजे नीळ्ळु, आई म्हणजे अम्मा, आणि घाबरू नका म्हणजे भयपडकंडि. "भाषा सगळी यायला वरीस लागतंय. तंवर ह्या पाचावर आयसीयू चालतो," असं त्यांचं मत होतं. एसटीच्या प्रवासात प्रियांका आणि मी एकमेकींना घाबरू नका, घाबरू नका असं तेलुगूत सांगत बसायचो.

एकदा पाटील वारले.

तो रविवार होता. सिस्टरांनी आम्हाला एका औषधाचा हिशेब घातला होता, पंपाचा वेग किती ठेवायचा याचा. माझं उत्तर एक, प्रियांकाचं दुसरं. आम्ही वहीवर डोकं घालून भांडत होतो. पाच-सात मिनिटांनी सिस्टर खुर्चीतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. पाटील गेले."

बघतो तर श्वासाची नळी निघालेली. त्यांनीच हळूच काढून ठेवली होती.

"पण अलार्म कुठे वाजला?" मी म्हटलं.

"कदी कदी वाजत न्हाई," त्या म्हणाल्या. "दोगी हुशार, दोगी वहीत. मानसाकडं कुनीच बघना."

आम्हाला वाटलं, ओरडतील आणि नळी परत लावायला सांगतील. त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "मी पाटलाची बायको. कालपास्नं हितं बसली हाय. प्रियांका, ये आनि मला सांग."

प्रियांकाला हसू येत होतं. ती शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, आम्ही खूप प्रयत्न केले..."

"म्हंजी?"

"म्हणजे त्यांची तब्येत अचानक..."

"म्हंजी बरं हाय का न्हाई?"

"काकू, ते... आता नाहीत ते."

"कुटं नेलंय मंग?"

प्रियांकाचं हसू गेलं. ती इकडेतिकडे बघायला लागली. शेवटी अगदी हळू म्हणाली, "काकू, ते गेले."

सिस्टरांनी समोर पाहिलं. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, त्यात दोन-चार गाई फिरत होत्या. मग त्यांनी विचारलं, "जेवले व्हते का काल?"

प्रियांकाने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले, लोडासाठी.

सिस्टरांनी पदर खाली घेतला. "वारंगलची एक बाई व्हती," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "तिनं मला ह्येच इचारलं. तिच्याच भाषेत. मला सगळं म्हाईत व्हतं, बीपी किती, पोटॅशियम किती. जेवला का, त्ये न्हवतं म्हाईत. तवापास्नं मी डुटीवर गेली की आदी इचारायची, ह्यानं काय खाल्लं, काय बोलला. कुनीतरी इचारतंच बगा." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला. नळी लावा. पाटील जिवंत झाले."

त्यानंतर हिशेब करताना आमच्यापैकी एक कायम पाटलांकडे बघत असायची.

फेब्रुवारीत ऑनलाइन मुलाखत आली. त्या दिवशी आमच्या इमारतीत काहीतरी कार्यक्रम होता आणि प्रियांकाकडे पाहुणे, म्हणून आम्ही सिस्टरांकडेच गेलो. मालेत नेटवर्क नीट यायचं ते एका ठिकाणी, सिस्टरांच्या घरामागच्या चढावर, पेरूच्या झाडाखाली. सिस्टरांनी पेरूच्या फांदीला माझा मोबाईल बँडेजच्या पट्टीने बांधला, चढावर चादर अंथरली आणि स्वतः चौकटीबाहेर छत्री धरून उभ्या राहिल्या, आमच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून.

माझी मुलाखत बरी झाली. प्रियांकाची सुरू झाली आणि मागून सिस्टरांची म्हैस चढ चढून आली. स्क्रीनवरच्या डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या. प्रियांका मागे न बघता हिंदीत म्हणाली, "मॅडम, ये सिस्टर की है. इसको तेलुगू आती है." पलीकडे तिघेही हसले. एकाने विचारलं, "बोलिए, क्या बोलती है?" मग छत्रीआडून सिस्टरांनी म्हशीला खणखणीत तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि ती खरंच उतरून गेली. त्यानंतर प्रियांका इतकी मोकळी झाली की सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने आपल्या आत्याशी गप्पा मारल्यासारखी दिली.

आठवड्याने दोघींना मेल आला. मे महिन्यात प्रत्यक्ष परीक्षेला हैदराबादला या. मी आमच्या जिन्यात उड्या मारल्या. प्रियांकाच्या घरी मात्र वादळ झालं.

तिच्या वडिलांचं, दत्ताकाकांचं, म्हणणं असं की पोरीला शिकवली ते ठीक, पण परराज्यात धाडायची कशाला? "आपल्याला काय कमी हाय? पुण्यात दवाखान्यांची काय टंचाई हाय का? लोक म्हनतील, बापाला पोरगी जड झाली." प्रियांका दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टर एसटीने भूगावला आल्या.

मी तिथेच होते. दत्ताकाकांचा नवा बंगला, मोठा हॉल, सोफा. सिस्टर उंबऱ्यात थांबल्या. त्यांचे ते पाच श्वास. दत्ताकाका उठून उभे राहिले, कारण बायकोच्या गावची वडीलधारी बाई आली होती.

"या आत्याबाई. तुमी कशापायी आलाय ते म्हाईत हाय मला. पन माजा इचार पक्का हाय."

"त्ये ऱ्हाऊ द्या जावई," सिस्टर म्हणाल्या. "पाय दावा."

"आं?"

"पॅन्ट वर घ्या. पाय दावा."

दत्ताकाकांना नाही म्हणता येईना. सिस्टरांनी खाली बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. "झोपताना उश्या किती घेता?"

"दोन... तीन."

"जिना चढताना थांबता?"

ते पॅन्ट खाली करू लागले. काकूंनीच मान हलवली.

"उद्याच्याला हार्टच्या डाक्टरकडं जायचं. उद्याच्याला. परवा न्हाई." सिस्टर उठल्या, चहासुद्धा न घेता परत गेल्या. प्रियांकाच्या नोकरीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणून प्रियांका त्यांच्यावर चिडली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दत्ताकाकांना घरी पाठवलंच नाही. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठलं होतं. चार दिवस ते पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. भेटायला एकावेळी एकालाच सोडत, म्हणून आम्ही बाहेर बसायचो. चौथ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं तेव्हा मी प्रियांकाबरोबर गेले होते. दत्ताकाका उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला पण श्वास मोकळा. खिडकीकडे बघत ते म्हणाले,

"त्या आतल्या शिस्टरला मी गाव इचारलं. मनिपूर म्हनली. रेल्वेनं तीन दीस लागत्यात."

"हो," प्रियांका म्हणाली.

"मला धाप लागली का माजा हात धरून बसायची. अंकल, स्लो, स्लो, म्हनायची. एवढीशी पोरगी हाय गं. तुज्याएवढी." ते थांबले. "तिचा बाप काय म्हनला आसंल तवा?"

प्रियांकाने त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"कवा हाय तुजी परीक्षा?" त्यांनी विचारलं.

ती इतक्या जोरात किंचाळली की वॉर्डातली सिस्टर धावत आली.

ही बातमी सांगायला आम्ही मालेला पळतच गेलो. सिस्टर भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पायाची सूज किती हाय आता?"

मेमध्ये आम्ही तिघी हैदराबादला गेलो. सिस्टर येणार हे आम्ही गृहीतच धरलं नव्हतं. स्टेशनवर त्या आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. आम्हाला त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. येत नाही ते येत नाही म्हणून सांगायचं आणि न केलेलं केलं म्हणून लिहायचं नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये खऱ्या मॉनिटरला जोडलेले पुतळे होते, छाती हलणारे. माझा नंबर आला. मी दारातच थांबले, पाच श्वास. परीक्षक घड्याळाकडे बघत होते. मग मी आत गेले, अलार्म सुरू झाला आणि माझे हात आपोआप चालायला लागले. नळी तपासली, छाती तपासली, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग घेतली, आणि तोंडातून मोठ्यांदा निघून गेलं, "पाटील, घाबरू नका हं, मी आहे."

परीक्षक म्हणाले, "हू इज पाटील?"

मी इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत, जमेल तसं सांगितलं. लोड, ठिबकच्या नळ्या, सगळं. ते ऐकून एक वयस्क सिस्टर पुढे आल्या आणि त्यांनी विचारलं, "अनसूया?" मी हो म्हटलं. त्या कागदावर खाली बघून लिहीत राहिल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी सिस्टरांबरोबर काम केलं असावं, आणि मी ओळख काढल्यासारखं झालं.

दुपारी यादी भिंतीवर लागली. तिच्याभोवती पन्नासएक मुली होत्या, केरळच्या, ओडिशाच्या, कुठकुठल्या. प्रियांका घुसली आणि आतून ओरडली, "वाशीम! दोघी! आपण दोघी!" शेजारच्या अनोळखी मुलीनेही मला मिठी मारली. तिचंही नाव होतं.

सिस्टरांना सांगायला आम्ही सगळं हॉस्पिटल पालथं घातलं. शेवटी त्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीबाहेर सापडल्या. एका म्हाताऱ्या आयाबाईच्या शेजारी पायरीवर बसून त्या तेलुगूत बोलत होत्या, आणि हसत होत्या. सात महिन्यांत आम्ही त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात घेऊन, पोट धरून. आम्ही धापा टाकत बातमी सांगितली. त्यांनी आयाबाईला तेलुगूत काहीतरी सांगितलं, बहुतेक या माझ्या पोरी असंच, कारण त्या बाईने उठून आमच्या दोघींच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग सिस्टर आमच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "ह्ये बूट न्हाई चालायचे. बारा तासांत पाय भरून येत्यात. नवे घ्या."

सिस्टर गेल्या वर्षी वारल्या. बातमी कळली तेव्हा आम्ही दोघी हैदराबादलाच ड्युटीवर होतो, प्रियांका हृदयाच्या आयसीयूत, मी न्यूरोच्या. शिफ्ट सोडून जाता येण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना ते आवडलंही नसतं.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या आम्ही रुजू झालो त्या दिवशी. सोडायला आल्या होत्या. होस्टेलच्या गेटवर वॉचमनने त्यांना अडवलं, तेव्हा त्या रस्त्यातच थांबल्या आणि आमच्या बॅगा आमच्या हातात दिल्या.

"माजी गाडी संध्याकाळी हाय," त्या म्हणाल्या. "तंवर मी जरा गाव बघून येती."

"तुम्ही पाहिलंय की सगळं," मी म्हटलं.

"एकोनीस वर्सं व्हती. हॉस्टेल ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते हॉस्टेल. तळ्यातला तो मोट्टा बुद्ध बसमधनं दिसायचा. बोटीत बसून जवळ जात्यात म्हनं लोकं. मी काय गेली न्हाई कदी."

"थांबा, आम्ही पण येतो," प्रियांका म्हणाली.

"तुमचं दोनला रिपोर्टिंग हाय. जावा वर."

आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बॅगा टाकल्या आणि गॅलरीत आलो. त्या रस्त्यापलीकडे बस स्टॉपवर उभ्या होत्या. बस आली, खच्चून भरलेली. त्यांनी पदर कमरेला खोचला, पिशवी काखेत दाबली, कंडक्टरला तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि कोपराने वाट काढत वर चढल्या. मिनिटभराने त्या खिडकीत दिसल्या. जागासुद्धा मिळवली होती.

बस हलायला लागली तसा त्यांचा हात खिडकीतून बाहेर आला. प्रियांकाने दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. मीही हलवले. आम्ही त्यांना हाका मारत होतो. पण त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. खाली रस्त्यावर एक बाई उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसबरोबर चालत होती, आणि सिस्टर तिच्याशी हसून काहीतरी बोलत वाकून पुडी घेत होत्या.